सर्रा: जनावरांचा रोग, माणसाचे रक्त

नांदेडच्या माळेगाव यात्रेतील घोडेवाल्यांना किंवा लातूरकडील देवणी गोपालकांना सर्रा नवा नाही. चावऱ्या माश्यांनी पसरणाऱ्या या रोगात ताप चढतो-उतरतो, जनावर खंगत जाते. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे त्याचा रक्तपरजीवी शोधला. माणसाला तो बाधत नाही, हा समज सव्वाशे वर्षे टिकला.

२००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका तापाने बेजार शेतकऱ्याच्या रक्तात तोच परजीवी दिसला. आफ्रिकी निद्रारोगावरचे जुने सुरामिन कामी आले. कारण २००६ मध्ये उमगले: परजीवीला मारणारे, इतरांच्या रक्तात सहज असणारे एपीओएल-१ हे प्रथिन त्याच्याकडे नव्हतेच!

गावातील १,८०६ जणांच्या चाचणीत ४१० जणांत प्रतिपिंडे आढळली. मात्र त्यांपैकी प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक असलेल्या ६० जणांच्या रक्तात परजीवी एकही सापडला नाही.