पेशव्यांचा गेंडा आणि गंगाराम तांबट

पुणे सोडून अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रस्त्याने निघाले म्हणजे कोरेगावमागून शिरूर येते आणि घोडनदी ओलांडावी लागते. शिरूरची ही माळराने, तशीच खाली भीमेच्या अंगाची दौंडची माळराने, चिंकारा आणि लांडगा यांचे जुने माहेरघर होत. हीच वाट पुढे वेरूळला पोहोचते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळची लेणी कागदावर उतरविणाऱ्या एका पुणेकर चित्रकाराची आज आठवण करावयाची आहे. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा नाद आजही कानी येतो. भांडी घडविणाऱ्या ज्ञातीचे नाव मिरविणाऱ्या या मनुष्याच्या हाती कुंचला होता. १७८६ साली चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील म्हणून पेशव्यांच्या दरबारी आला आणि त्याने गंगारामाकडून चित्रे काढवून घेतली. सवाई माधवराव पेशव्यांना जनावरांचा मोठा षोक. त्यांच्या संग्रहात एक गेंडा होता. १७९० च्या नोव्हेंबरात गंगारामाने त्याचे जलरंगात चित्र केले.

या चित्राचे मोल कळावे म्हणून थोडे मागे जाऊ. १५१५ साली गुजरातेतून पाठविलेला एक गेंडा लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्यूररने तो डोळ्यांनी कधीच पाहिला नाही. आलेल्या पत्रावरून व रेखाटनावरून त्याने ठसा कोरला. त्यातील गेंडा चिलखत ल्यालेला असून त्याच्या खांद्यावर एक जादा शिंगही आहे. युरोपाने पुढे दीर्घकाळ हाच गेंडा खरा मानला. गंगारामापुढे मात्र जिवंत जनावर उभे होते. ऐकीव गोष्टीवर विसंबण्याची गरज त्याला नव्हती. जे दिसले ते त्याने टिपले.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, हे चित्र झाले तेव्हा त्याचा विलायती गुरू हिंदुस्थानात आलेलाही नव्हता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला व पुढील वर्षी पुण्यास आला. मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तेथे छायाप्रकाश व यथादर्शन यांची पाश्चात्य रीत शिकविली जाई. गंगाराम वेल्सचा साहाय्यक झाला; पण पाहण्याची दृष्टी त्याने आधीच कमावलेली होती. गुरूने तिला शिस्त दिली, एवढेच.

दुर्दैवाने हा योग अल्पजीवी ठरला. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव निवर्तले आणि वर्ष संपण्यापूर्वी वेल्सही गेला. चित्रशाळेचा आश्रय व आचार्य दोन्ही हरपले. १८०३ साली लंडनमध्ये वेरूळचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला, तो वेल्स आणि डॅनियल यांच्या नावावर.

तरीही गंगाराम पुसला गेला नाही. मॅलेटने विलायतेस नेलेले त्याचे कागद आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात जपलेले आहेत, आणि त्यांवर त्याचे नाव आहे. आपल्या घरचा चित्रकार पाहण्यास आपल्याला सातासमुद्रापार जावे लागते, ही गोष्ट मनाला लागते खरी. परंतु पेशवाई गेली, चित्रशाळा गेली, पर्वतीच्या पायथ्याचा तो शिकारखानाही गेला. एका तांबटाने नीट पाहिलेला गेंडा मात्र अजून उभा आहे.