तळटीप : ‘आभासी यंत्र’

या शब्दातला ‘आभासी’ शब्दशः घेऊ नये. कोलाड स्थानकात १९९९पासून भरलेले ट्रक कोकण रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. वाटेत इंजिन बंद असले तरी ट्रक ट्रकच राहतो. संगणकातही एका यंत्रावर दुसरे अख्खे यंत्र असेच स्वार होते. आयबीएमने १९७२मध्ये ‘व्हीएम/३७०’ काढून ही सोय आपल्या मोठ्या संगणकांवर दिली. मात्र उपमा पुढे तुटते, आणि मुद्दा नेमका तिथेच आहे. ट्रक वेर्ण्यानंतर स्वतःच्या चाकांवर धावतो; आभासी यंत्राला स्वतःची चाके कधीच नसतात. त्याच्या बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट चालतात; सामायिक साधनांवर हक्क सांगणाऱ्या आज्ञा तेवढ्या नियंत्रक सॉफ्टवेअर अडवते आणि त्याच्या वतीने पार पाडते (पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ साली याच्या अटी काटेकोरपणे मांडल्या). यावर आक्षेप असा, की चालू आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येते, म्हणजे ते हार्डवेअरपासून स्वतंत्रच झाले. हे अर्धेच खरे. सुटका होते ती विशिष्ट सर्व्हरपासून. हलते ती मेमरीतल्या विद्युतभारांच्या मांडणीची नक्कल, आणि ती उतरवून घ्यायला पलीकडे तितकीच खरी, रिकामी मेमरी आधीच राखून ठेवावी लागते. — संपा.