सॉफ्टवेअर पॅकेज : घडवताना काय हवे, चालवताना काय हवे?

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. छपाईला यंत्रे, शाई, खास कागद लागतो. नोट घेऊन भाजी आणायला निघालेल्याला यातले काहीच लागत नाही. सॉफ्टवेअर पॅकेजबाबतही हाच भेद केला जातो. ते तयार करताना लागणाऱ्या गोष्टी म्हणजे 'बिल्ड-टाइम डिपेंडन्सी' आणि संगणकावर ते चालताना लागणाऱ्या त्या 'रनटाइम डिपेंडन्सी'. लिनक्समध्ये दोन्हींची स्वतंत्र नोंद करावी लागते. डेबियनमध्ये त्यांना 'बिल्ड-डिपेंड्स' व 'डिपेंड्स', तर फेडोरात 'बिल्डरिक्वायर्स' व 'रिक्वायर्स' म्हणतात.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण 'लोहित' फॉन्टचे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ही फॉन्टमालिका मुक्त परवान्याखाली खुली केली. पुढे कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी तिची देखभाल केली. अक्षरांच्या मूळ आराखड्यांपासून फॉन्टची फाइल बनवण्यासाठी 'फॉन्टफोर्ज' हा प्रोग्राम लागतो, म्हणून त्याचे नाव बिल्डच्या यादीत. तेच चुकून रनटाइमच्या यादीत गेले, तर केवळ मराठी मजकूर वाचू पाहणाऱ्याच्या संगणकावरही तो विनाकारण उतरतो.

उलट चूक अधिक फसवी. बिल्डच्या यादीत नाव लिहायचे राहिले, तरी पॅकेज करणाऱ्याच्या संगणकावर फॉन्टफोर्ज आधीच असल्याने काम बिनबोभाट पार पडते. म्हणूनच डेबियन व फेडोराचे सर्व्हर प्रत्येक पॅकेज कोऱ्या वातावरणात तयार करतात. यादीत नाही ते तिथे नाही. विसरलेले नाव लगेच उघडे पडते.

रनटाइम यादीला असा खमका पहारेकरी नाही. सी भाषेतील प्रोग्रामला लागणाऱ्या सामायिक लायब्ररी साधने आपोआप हुडकतात. मात्र एखादा प्रोग्राम आयत्या वेळी दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारणार असेल, तर ते बहुधा माणसानेच नोंदवावे लागते. राहून गेले तर पॅकेज विनातक्रार बसते आणि नेमके गरजेच्या वेळी अडते.

या साखळ्या किती लांब असतात, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. फाइल आक्रसणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आढळला. तो पॅकेज तयार होतानाच आत शिरत असे आणि त्याचे लक्ष्य होते सर्व्हरवर दुरून प्रवेश देणारे 'ओपनएसएसएच'. मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नव्हती. काही लिनक्स वितरणांनी 'सिस्टिमडी'शी जोडण्यासाठी लावलेल्या ठिगळातून त्याची लायब्ररी तिथवर पोहोचली होती.