मोरीची गळती आणि मातीची भिंत

मागच्या वेळी आपण वाड्याच्या चौकापर्यंत आलो होतो. आज मोरीत शिरू. हसू नका, पाटणसारख्या पावसाच्या मुलखात घर किती टिकणार, याचा अंदाज मोरीवरून येतो.

कोयना-केरा संगमावरचं हे गाव. जुनं घर म्हणजे दगड-मातीची भिंत. मोरीला फरशी, कडेला भोक, पाणी थेट परसात, अळू-केळीच्या बुडाशी. नट नाही, वॉशर नाही. गळायची जागा म्हणजे फरशीचा सांधा, तो चुन्यानं भरायचा. राहून गेला की पाणी भिंतीत मुरतं, दगडांना धरणारी माती सैल होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात अशीच दगड-मातीची घरं ढासळली. दोष मोरीचा नव्हे. पण ओली भिंत धक्का कमीच सोसते.

पुढं सिमेंट आलं, वेस्ट कपलिंग आलं. वास अडवणारा वाकडा पाईप तर अलेक्झांडर कमिंगनं 1775 मध्येच लंडनला संडासासाठी पेटंट केला होता. आपल्याकडे पाईप आला, सांधा तपासायची सवय मात्र सुटली, असं आम्हाला वाटतं.

काम घरचंच आहे. नट सोडवा, जुनं वॉशर काढा, बैठक खरवडून कोरडी करा, नवं वॉशर घालून नट हातानं आवळा. बादलीभर पाणी सोडा आणि सांध्याखाली कोरडा कागद धरा. ओला झाला तर पुन्हा उघडा. वरून सिमेंट तेवढं थापू नका, पाणी मग भिंतीतून वाट काढतं.