सफारी: शिकारीच्या परवान्यापासून जिप्सीच्या तिकिटापर्यंत

आज आपण ताडोबाच्या सफारीचा इतिहास बघणार आहोत. सुरुवात शब्दापासूनच करू. अरबीत ‘सफर’ म्हणजे प्रवास. तो फारसीतून मराठीत आला. तोच शब्द पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीमध्ये ‘सफारी’ झाला, तिथून इंग्रजांनी उचलला आणि आज मोहर्लीच्या गेटवर आपल्याला तिकिटावर छापलेला भेटतो. मूळ अर्थ साधा प्रवासाचा. त्याला शिकार आणि ऐषाराम कधी चिकटला, आणि त्याचा खर्च कुणी उचलला, हा आजचा प्रश्न.

ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून पडलं. तारू गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला, आणि तलावाकाठी त्याचं ठाणं झालं, अशी कथा सांगतात. पौषात तिथे जत्रा भरत असे. म्हणजे या जंगलात लोक, देव आणि वाघ एकत्रच होते. हे मुद्दाम सांगतो, कारण जाहिरातीतलं जंगल निर्मनुष्य असतं. आपलं तसं कधीच नव्हतं.

1878 च्या वन कायद्याने जंगल ‘राखीव’ करायचं अस्त्र सरकारच्या हाती आलं. कुऱ्हाड घेऊन आत गेलेला गोंड गुन्हेगार ठरू लागला, आणि परवाना घेऊन आलेला साहेब पाहुणा. त्याच्यासाठी मचाण बांधायचं, रेडकू बांधायचं, हाकारा करायचा, हे काम मात्र गावच्याच माणसांचं. म्हणजे बघा, सफारीची कामाची वाटणी तेव्हाच ठरून गेली होती.

ताडोबात 1935 साली शिकार बंद झाली. 1955 मध्ये सुमारे 116 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. पण उद्यानाच्या हद्दीबाहेर मध्य भारतात बंदुका चालूच होत्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी श्रीमंतांना शिकारीला नेणाऱ्या कंपन्या निघाल्या. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतलेले विद्याचरण शुक्ल, पुढचे केंद्रीय मंत्री, यांनीही ‘ऑल्विन कूपर’ नावाची अशीच कंपनी काढली होती. 1970 मध्ये वाघाची शिकार देशभर थांबली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. वाघाच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता, यात शंका नाही. गावाच्या दृष्टीने?

1986 मध्ये अंधारी अभयारण्य झालं, आणि नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. मग गाभा क्षेत्रातली गावं उठू लागली: बोटेझरी, कोळसा, पुढे नवेगाव, जामणी. 2008 पासून कुटुंबामागे 10 लाख रुपयांचा पर्याय आला. रस्ता, शाळा, दवाखाना हवा म्हणून काहीजण आपणहून निघाले, हेही खरं. पण पाहुणा आत येतो आणि रहिवासी बाहेर जातो, ही दिशा कायम राहिली. जे बाहेर राहिले त्यांना मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बफरच्या जंगलात जावंच लागतं. तिथे जिप्सी नसते. माणूस पायी असतो, आणि वाघही तिथेच असतो.

याला दुसरा मार्ग आहे का? आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानाच्या उत्तर टोकाला मकुलेके लोक राहत. 1969 मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यांना तिथून हाकललं. सत्तापालटानंतर त्यांनी दावा लावला आणि 1998 मध्ये सुमारे 24,000 हेक्टर जमीन परत मिळवली. त्यांनी तिथे पुन्हा गाव वसवलं नाही. जमीन उद्यानातच ठेवली, आणि आलिशान लॉज चालवणाऱ्या कंपन्यांशी मालक म्हणून करार केले. जंगल टिकलं, प्राणी टिकले, पाहुणेही येतात. फक्त सातबारा बदलला, असं आपल्या भाषेत म्हणू.

इतक्या लांब जायलाही नको. शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे वाघ दाखवायचं गेट नाही, पण आपल्या जंगलातला बांबू कुणाला विकायचा हे गाव ठरवतं.

मोहर्लीला पाहुणे आहेत, मेंढ्याकडे हक्क आहे. या दोन गोष्टी एका गावात आणणं अवघड आहे, पण अशक्य नाही, एवढं मकुलेकेंनी दाखवून दिलं आहे. तेव्हा ताडोब्याला जरूर जा, वाघ बघा. येताना गाइडला एक विचारा: तुमचं मूळ गाव कोणतं, आणि इथल्या तिकिटातला किती पैसा त्या गावाला जातो? त्याचं उत्तर हाच या इतिहासाचा पुढचा भाग आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.