दर्याचा नारळ

दारी येणाऱ्या फकिराच्या हातातला काळा, होडीच्या घाटाचा कटोरा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत ‘जहरी नारळ’ म्हणून एक पांढरा, दगडासारखा कठीण गर मिळे. या दोन्ही वस्तू एकाच फळाच्या. ते फळ म्हणजे दर्याचा नारळ.

हे जोडनारळ मालदीव बेटांच्या किनाऱ्याला वाहत येत. झाड मात्र कोणी पाहिलेले नव्हते. ताजा नारळ इतका जड की पाण्यात बुडतो. आतला गर कुजून गेला म्हणजेच तो तरंगतो आणि मग रुजत नाही. तेव्हा लोकांनी ठरवले, झाड समुद्राच्या तळाशी असणार! विषावर उतारा म्हणून त्याची कीर्ती झाली. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्यानेही त्याची चर्चा केली आहे. मालदीवात तर सापडलेला नारळ राजाचा, असा कायदाच होता.

१७६८ साली आफ्रिकेच्या पूर्वेकडील सेशेल्स द्वीपसमूहातल्या प्रालँ बेटावर फ्रेंच खलाशांना ही झाडे उभी दिसली. पुढच्याच वर्षी एका जहाजाने नारळांचा मोठा साठा भरून हिंदुस्थानात विकायला आणला. झाले काय? माल उदंड झाला आणि भाव कोसळला. गूढ होते तोवर किंमत होती. ढीग दिसताच ती गेली.

पण झाडाला व्यापाऱ्याची घाई कळत नाही. नर झाड वेगळे, मादी वेगळी. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात. एकेका फळाचे वजन पंधरा-वीस किलो, कधी त्याहून अधिक. वनस्पतीसृष्टीतले सर्वांत मोठे बी ते हेच. निसर्गतः ते फक्त प्रालँ आणि शेजारचे क्यूरिअझ या दोनच बेटांवर उगवते. तोड आणि वणवे यांनी जंगल आकसत गेले. प्रालँवरील ‘व्हाले द मे’ हे राखीव वन १९८३ साली जागतिक वारशात घेतले गेले.

आज सेशेल्सला जाणारा प्रवासी आठवण म्हणून हा नारळ विकत घेतो. त्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि पैसेही बरेच मोजावे लागतात. चोरटी तोड तरीही होतेच. म्हणून घेणाऱ्याने दुकानदाराला आधी परवाना विचारावा. बेटाची आठवण घरी आणताना बेटावर झाडही शिल्लक राहिले पाहिजे, एवढे भान ठेवले तरी पुरे.