मुळासकट काढलं ना?

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर सातारा, सांगली, सोलापूरकडच्या गाड्यांतून रोज काही माणसं रिपोर्टांची पिशवी छातीशी धरून उतरतात. कुणी पुण्यातच उपचार घेतं, कुणी पुढं मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जातं. कॅन्सरचं ऑपरेशन झालं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, मुळासकट काढलं ना?’

हा प्रश्न शेतातून आलेला आहे. हरळीचा एवढासा तुकडा मातीत राहिला, तरी ती पुन्हा फुटते, हे पाहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण श्रोतेहो, जगातले नामवंत सर्जनही कित्येक वर्षं असाच विचार करत होते.

१८९०च्या दशकात अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठीबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही काढू लागले. या ग्रंथी म्हणजे शरीरातले छोटे नाकेच. रोग आधी जवळच्या नाक्यावर थांबतो, मग पुढं सरकतो, असा तर्क होता. तेव्हा जितके नाके उचलाल, तितका माणूस वाचेल!

स्वादुपिंड जठराच्या मागं, मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून असतं. त्याच्या डोक्याकडच्या कॅन्सरवरची अवघड शस्त्रक्रिया आज ज्यांच्या नावानं ओळखली जाते, ते ॲलन व्हिपल इराणमधल्या उर्मियाचे. त्यांनी १९३५मध्ये न्यूयॉर्कहून आपला अनुभव प्रसिद्ध केला. तरीही बरेच रुग्ण दोन-तीन वर्षांत दगावत. मग हॉल्स्टेडचा तर्क इथंही आला. १९७३मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ फोर्टनर यांनी आणखी मोठी शस्त्रक्रिया मांडली. पुढं जपानी सर्जनांनी दूरवरच्या ग्रंथी खरवडून काढल्या आणि रुग्ण जास्त जगतात, असं सांगितलं. पण ती तुलना बहुतेक आधीच्या रुग्णांशी होती.

खरी परीक्षा चिठ्ठ्या टाकून झाली. कुणाच्या नेहमीच्या ग्रंथी काढायच्या आणि कुणाच्या दूरच्याही, हे सर्जनच्या मर्जीवर ठेवलं नाही. इटलीतल्या ८१ रुग्णांचे निष्कर्ष १९९८मध्ये आले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या २९४ रुग्णांचे २००२मध्ये आले. तिथं नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात २९ जणांना गुंतागुंत झाली, मोठीनंतर ४३ जणांना. आयुष्य मात्र वाढल्याचं सिद्ध झालं नाही. २०१२मध्ये खुद्द जपाननं आणि २०१४मध्ये कोरियानं तेच सांगितलं. उलट आतड्याभोवतीच्या मज्जातंतूंना धक्का लागून जुलाबांचा त्रास वाढायचा. २०१४मध्येच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं नेहमीच्याच ग्रंथी काढाव्यात, अशी शिफारस केली.

असं का व्हावं? कारण हा रोग नाक्यानाक्यानं चालत नाही. गाठ लहान असतानाच त्याच्या पेशी रक्तातून यकृताकडं निघून गेलेल्या असू शकतात. तिथं सुरी पोहोचत नाही, औषध पोहोचतं. २०१८मधल्या एका फ्रेंच-कॅनेडियन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर चार औषधांची केमोथेरपी घेतलेल्या निम्म्या रुग्णांनी साडेचार वर्षांचा टप्पा ओलांडला. जुन्या एका औषधावर हाच टप्पा तीन वर्षांच्या आतच होता.

मग ग्रंथी काढणं व्यर्थच का? नाही. तोंडाच्या कॅन्सरचं उत्तर वेगळं निघालं आणि ते आपल्या परळमध्ये निघालं. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकानं सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या. दुसऱ्याच्या गाठ हाताला लागल्यावर. २०१५मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनंतर पहिल्या गटात शंभरातले ८० जिवंत होते, दुसऱ्यात सुमारे ६७. तंबाखूनं पोखरलेल्या आपल्या देशात हा फरक म्हणजे कितीतरी घरांचे कर्ते.

एकच प्रश्न, दोन अवयव, दोन उत्तरं. ती सर्जनच्या धाडसानं दिली नाहीत, चिठ्ठीला राजी झालेल्या रुग्णांनी दिली. त्यातले अनेक आज हयात नाहीत.

स्वादुपिंडाच्या ग्रंथी आजही काढतात. किमान १५ तरी तपासायला मिळाव्यात, असं ते तज्ज्ञ सांगतात. कारण रोग कुठवर गेला, याची साक्ष त्या देतात. म्हणून ऑपरेशननंतर डॉक्टरांना जरूर विचारा : किती ग्रंथी तपासल्या? कितींत रोग निघाला? आणि पुढची औषधं कधी सुरू करायची? ‘मुळासकट’पेक्षा या तीन प्रश्नांची उत्तरं रुग्णाच्या अधिक उपयोगी पडतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)